युरोपची तीर्थयात्रा : देश मोजावेत की मुक्काम?

(धर्मग्रामाच्या महोत्सवी संमेलनात झालेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षात नांदेड व लातूर येथील काही कुटुंबांच्या मनात युरोपातील पवित्र स्थळांची यात्रा करावी असा विचार आला आहे. विचार उत्तम आहे. परंतु असा योग आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच यावयाचा, आणि त्यास लागणारा पैसा सोयाबीनच्या, पगाराच्या वा निवृत्तिवेतनाच्या मिळकतीतून वर्षानुवर्षे बाजूस टाकलेला. तो पैसा आणि वृद्ध आईबापांची शक्ती ही दोन्ही वाया जाऊ नयेत, एवढ्याच हेतूने आम्ही येथे चार व्यावहारिक गोष्टी मांडीत आहो.

पंधरा दिवसांत दहा देश दाखविण्याची हमी देणारी पत्रके आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा प्रवासात रोज पहाटे सामान बांधावयाचे, दिवसभर मोटारीत बसावयाचे आणि रात्री नव्या गावी सामान सोडावयाचे. यात प्रार्थनेस वेळ कोठून मिळणार? यात्रा म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसास शिकवावयास नको. पंढरीची दिंडी निघते ती आधी मुक्काम ठरवून. नांदेडच्या हुजूर साहिबास येणारा शीख यात्रेकरू अमृतसराहून सचखंड एक्सप्रेसने सुमारे दोन हजार किलोमीटर ओलांडून येतो. वाटेत किती राज्ये लागली याचा हिशेब तो ठेवीत नाही. तीच रीत आपण धरावी. आधी मुक्काम ठरवावेत. देशांची संख्या आपोआप ठरेल.

उदाहरणादाखल एक आखणी सांगतो. फातिमा येथे तीन रात्री, लूर्द येथे तीन, असिसी येथे दोन आणि रोम येथे पाच. एकूण तेरा रात्री. पोर्तुगाल, फ्रान्स, इटली आणि व्हॅटिकन एवढ्याच भूमीस आपले पाय लागतील; परंतु प्रत्येक ठिकाणी शांतपणे मिस्सा ऐकता येईल, पापनिवेदन करता येईल, आणि थकलेल्या माणसास एक दुपार पडून राहता येईल.

या यात्रेचा आरंभ लिस्बनहून होतो हे आपणां मराठी ख्रिस्ती जनांस विशेष आनंदाचे वाटावे. याच बंदरातून फादर थॉमस स्टीफन्स 4 एप्रिल 1579 रोजी निघाले आणि 24 ऑक्टोबरास गोव्यास पोहोचले. साडेसहा महिन्यांच्या त्या सागरप्रवासाचे फळ म्हणजे 1616 साली छापले गेलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’. ते जेथून आपणांकडे आले, तेथे आपण आता एका दिवसात पोहोचतो.

लिस्बनहून फातिमास मोटारीने सुमारे दीड तासात जाता येते. आगगाडीने जाऊ म्हणणाऱ्यांनी सावध असावे. फातिमा या नावाचे स्थानक मरियामातेच्या मंदिरापासून सुमारे 20 किलोमीटर दूर आहे. लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणे नको. तसेच 1917 साली मरियामातेचे पहिले दर्शन 13 मे रोजी झाले, म्हणून 12 व 13 मे या दिवशी तेथे अपार गर्दी असते. वृद्ध मंडळी बरोबर असल्यास दुसरे दिवस निवडावेत.

फातिमाहून लूर्द नकाशावर जवळ दिसते, पण रेल्वेची वाट सरळ नाही. पूर्वी आपल्याकडे मनमाड व कुर्डुवाडी येथे रुळांची रुंदी बदले आणि उतारूंस गाडी बदलावी लागे. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरही जुन्या मार्गांच्या रुळांत असाच भेद आहे. लिस्बनहून फ्रान्सच्या सीमेपर्यंत जाणारी रात्रीची गाडीही 2020 साली बंद झाली. म्हणून लिस्बनहून तुलूजपर्यंत विमानाने आणि तेथून सुमारे दोन तास आगगाडीने जाणे बरे. 1858 साली बर्नादेत्तेस जेथे अठरा वेळा दर्शन झाले, त्या गुहेपाशी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री नऊ वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. आजारी माणसांस तेथे अग्रमान असतो.

लूर्दहून पुन्हा तुलूजमार्गे विमानाने रोमास यावे, आणि आधी असिसीस जावे. तेथे संत फ्रान्सिसची कबर आहे; आणि 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदी चढविलेल्या कार्लो आकुतिस या तरुणाचीही आहे. आपल्या मुलामुलींस ती अवश्य दाखवावी. मग मंगळवारी संध्याकाळपर्यंत रोमास परतावे. म्हणजे पोपमहाशय शहरात असल्यास बुधवारची सार्वजनिक भेट आणि रविवारी दुपारी बाराची प्रार्थना ही दोन्ही पाच रात्रींत साधतात. बुधवारच्या प्रवेशपत्रिकेस पैसे पडत नाहीत. कोणी मागितल्यास देऊ नयेत.

आता कागदपत्रांविषयी. युरोपातील 29 देशांनी शेंगेन करारान्वये एकच व्हिसा मान्य केला आहे. ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच देशाकडे अर्ज करावा. दिवस समान असल्यास ज्या देशात प्रथम उतरावयाचे त्याकडे. वरील आखणीत सात रात्री इटलीत जातात, म्हणून प्रथम पोर्तुगालात उतरलो तरी अर्ज इटलीकडेच करावयाचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; निदान तीन महिने आधी तरी करावा. नांदेडहून हैदराबाद जवळ म्हणून अर्ज तेथेच चालेल असे गृहीत धरू नये. आपल्या जिल्ह्यातील रहिवाशांचा अर्ज कोठे स्वीकारतात हे प्रथम विचारावे. मोठ्या माणसास 90 युरो शुल्क पडते, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. प्रवासी विमा किमान 30,000 युरोंचा असावा. पासपोर्टाची मुदत परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने तरी उरलेली असावी.

मेजुगोर्येस जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ते गाव बोस्नियात, म्हणजे शेंगेनच्या सीमेबाहेर आहे. एकच प्रवेश देणारा व्हिसा घेऊन तेथे गेलेल्या माणसास परत इटलीत येता येणार नाही. आयर्लंड व ब्रिटन यांचे व्हिसे तर निराळेच.

आपल्या लोकांची मोठी अडचण नावांची आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे; कोणाच्या पासपोर्टावर आडनावच नाही. ही दुरुस्ती करण्यास महिने लागतात. म्हणून यात्रेचा पहिला दिवस आजच समजून प्रत्येकाने घरी जाऊन आपले कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. तसेच उसनी रक्कम आणून आयत्या वेळी बँकेत भरू नये. ती तपासणाऱ्याच्या नजरेस येतेच, आणि देवाच्या यात्रेस असत्याचा आधार शोभतही नाही. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कोठेही भरू नयेत. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये.

काळ एप्रिलअखेर ते मे हा आपणांस सोयीचा. रब्बी घरात आलेली असते आणि पेरणी जूनमध्ये असते. येथे अंगाची काहिली होत असताना तेथे संध्याकाळी लोकरी कपडा लागतो, हे विसरू नये. नांदेड वा लातूरहून मुंबईस एक दिवस आधी पोहोचावे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. सामान स्वतःस उचलता येईल एवढेच घ्यावे.

शेवटी दोन सूचना. पहिली ही की, मंडळींतील सर्वांत वृद्ध माणूस जितके चालू शकेल तितकीच त्या दिवसाची वाट असावी. दुसरी ही की, दर दहा यात्रेकरूंनी मिळून एका वृद्ध धर्मशिक्षकाचा खर्च उचलावा. ज्यांनी उन्हापावसात पायी खेडोपाडी हिंडून आपल्या वाडवडिलांस जपमाळ शिकविली, त्यांतील कोणास रोम दिसावे आणि कोणास दिसू नये हे केवळ पैशाने ठरू नये.

आणि जे जाऊ शकणार नाहीत त्यांसाठी एक वही देवळात ठेवावी. तीत प्रत्येकाने आपली विनंती लिहावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे गेले, त्यांची नावेही त्यांच्या आप्तांनी लिहावीत, मग ती कोणत्याही धर्माची असोत. ती वही लूर्दच्या गुहेपाशी उघडली जाईल, तेव्हा थोडे जण गेले असले तरी सारा धर्मग्राम तेथे उभा असेल.

प्रभू येशू आपल्या पावलांस वाट दाखवो, आणि पवित्र मरियामाता आपणां सर्वांस सुखरूप घरी आणो.