अस्थि-संधींच्या रोगांचें संशोधन आणि त्याचें शिक्षण

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें हाडें, गुडघे आणि प्रयोगशाळा यांविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. परंतु ज्या यवतमाळ जिल्ह्यांत आपण राहतों, तेथें हा विषय परका नाहीं. पांढरकवडा व त्याच्या आसपासच्या भागांतील भूजलांत फ्लोराइड हें द्रव्य मर्यादेबाहेर असल्याचें शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविलें आहे. सिकलसेल या रक्तरोगाची कुटुंबें विदर्भांत सर्वत्र आहेत, तशींच तीं आपल्याही गांवांत आहेत. एक रोग पाण्यांतून येतो, दुसरा आईबापांच्या रक्तांतून येतो. परंतु दोन्ही अखेर हाडांशीं येऊन थांबतात. यास्तव या रोगांचा शोध घेणारीं माणसें कशीं तयार होतात, आणि तीं आपल्यांतूनच कशीं तयार व्हावींत, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढें मांडणार आहों.

या विद्येचा पहिला धडा फार जुना आहे. शल्यवैद्यानें मृतदेहाचें निरीक्षण कसें करावें, तें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. देह गवतानें वेढून पिंजऱ्यांत घालावा, वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावा, आणि मग हळूहळू घासून एकेक थर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा. हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार त्या ग्रंथांत दिले आहेत. तिकडे युरोपांत गेलेनच्या ग्रंथांचा अधिकार सुमारें तेराशें वर्षें चालला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असें त्यानें लिहिलें होतें, कारण त्याचा अभ्यास मुख्यतः जनावरांच्या देहांवर झाला होता. १५४३ सालीं व्हेसालियसनें तें एकच हाड असल्याचें दाखविलें. ग्रंथ थोर असो, गुरु थोर असो, हाडाविषयींचा प्रश्न हाडालाच विचारावा, ही या विद्येची पहिली शिस्त होय. या शास्त्रास आज ऑर्थोपेडिक्स म्हणतात. हें नांव १७४१ सालीं निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्यानें सरळ आणि मूल या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनविलें. मुलांचें शरीर वांकडें होऊं नये, हाच त्याचा मूळ हेतु.

आणखी एक नांव येथें घेणें उचित होईल. निल्स स्टेन्सन, ज्यास जग स्टेनो म्हणून ओळखतें, तो १६३८ सालीं कोपनहेगन येथें जन्मला. त्यानें १६६७ सालीं स्नायूंच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १६६९ सालीं खडकांचे थर एकावर एक कसे बसतात यावर दुसरा. त्याच काळांत तो कॅथोलिक झाला, १६७७ सालीं बिशप झाला, आणि १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यास धन्यवादित घोषित केलें. शरीर आणि खडक हे दोन्ही एकाच माणसाच्या अभ्यासाचे विषय झाले होते. आपल्या जिल्ह्यांत तर ते तसे व्हावयासच हवेत. कारण खडकांतून जें पाण्यांत उतरतें, तेंच येथें हाडांत जाऊन बसतें.

तें कसें बसतें, हें थोडक्यांत पाहूं. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतें. दुसरें पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सोसावें, असें ठरलें आहे. खोल बोअरचें पाणी खडकाशीं दीर्घकाळ लागून राहिलेलें असतें, म्हणून कित्येक ठिकाणीं त्यांत हें प्रमाण वाढतें. तें पाणी दिसावयास स्वच्छ असतें, आणि तें उकळल्यानेंही फ्लोराइड जात नाहीं. वर्षानुवर्षें पोटांत गेलेलें फ्लोराइड हाडांच्या खनिजांत शिरून तेथील रचना बदलतें. हाड दाट होतें, पण भंगुर होतें. सांध्यांचे बंध चुन्यासारखे कठीण होतात. पाठीचा कणा ताठ होतो. वाढत्या मुलांचे पाय गुडघ्यांपाशीं वांकडे होतात, विशेषतः त्यांच्या आहारांत चुना म्हणजे कॅल्शियम कमी असेल तर. कण्याचें हें ताठरपण एकदां पुरतें आल्यावर औषधानें परत फिरत नाहीं. म्हणून वेळेवर ओळखणें हाच खरा उपाय, आणि ओळखण्यासाठीं शिकलेलीं माणसें हवींत.

सिकलसेलची गोष्ट निराळी आहे. या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहान बाळाच्या हातापायांचीं बोटें सुजतात, तरुणपणीं मांडीच्या हाडाच्या खुब्याकडील गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तो गोळा मरून ढासळतो. विशी-तिशींतील माणूस लंगडूं लागला, तर घरचे लोक त्यास वात म्हणतात किंवा आळस म्हणतात. हा रोग १९१० सालीं शिकागो येथील हेरिक यांनीं प्रथम वर्णिला, आणि भारतांत तो १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत आढळला. त्याच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रीय मोहीम निघाली ती २०२३ सालीं. वर्णन आणि मोहीम यांत शंभरांहून अधिक वर्षें गेलीं, हें आपण ध्यानांत ठेवावें.

आतां संशोधन म्हणजे काय, तें एका उदाहरणानें सांगतों. समजा, एका गांवांत पुष्कळ लोक वांकून चालतात. पाण्यानें झालें असें कोणीही म्हणेल. परंतु शिकलेला संशोधक तेवढ्यावर थांबत नाहीं. तो प्रथम रोगी कोणास म्हणावें तें ठरवितो. गुडघे न वांकवितां पायांचीं बोटें धरतां येतात काय, हनुवटी छातीस लागते काय, दोन्ही हात डोक्यामागें नेतां येतात काय, या तीन साध्या परीक्षा त्यास माहीत असतात. मग तो निरोग्यांचीही गणती करतो, कारण शंभरांतले दहा आणि वीसांतले दहा यांत महदंतर आहे. तो प्रत्येक हापशाचें पाणी वेगळें तपासतो. शेजारच्या, चांगल्या पाण्याच्या गांवींही तो तेंच सारें करतो. क्षयानें कणा वांकतो, म्हातारपणानेंही वांकतो. तीं कारणें तो एकेक करून बाजूस काढतो. पुढल्या हाताचें क्ष-किरण चित्र घेऊन तेथील दोन हाडांमधला पडदा कठीण झाला आहे काय, तें पाहतो. दांतही त्यास साक्ष देतात. फ्लोराइडचे पिवळे-तपकिरी पट्टे दांत तयार होत असतांनाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आंत उमटतात. दुसऱ्या गांवाहून लग्न होऊन आलेल्या स्त्रीचे दांत शुभ्र आणि पाठ मात्र ताठ असेल, तर तिचें दुखणें माहेरचें नसून सासरच्या पाण्याचें असण्याचा संभव अधिक. असें पाहावयास शिकणें, यालाच संशोधनाचें शिक्षण म्हणतात.

हें शिक्षण मिळतें कसें? बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, साडेचार वर्षांचा एम. बी. बी. एस. चा अभ्यास आणि एक वर्षाची सक्तीची उमेदवारी. त्यानंतर अस्थिरोगांच्या एम. एस. पदवीस तीन वर्षें लागतात. त्या काळांत विद्यार्थ्यास एखाद्या प्रश्नावर प्रबंध लिहावाच लागतो, आणि तत्पूर्वीं संस्थेच्या नीतिसमितीची अनुमति घ्यावी लागते. सांध्यांच्या दाहाचे रोग औषधानें हाताळणारी संधिवातशास्त्राची शाखा निराळी आहे, तिकडे एम. डी. नंतर आणखी तीन वर्षें लागतात. पदवीपूर्व विद्यार्थ्यांस दोन महिन्यांचें छोटें संशोधन करतां यावें, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९७९ सालीं शिष्यवृत्ति सुरू केली. हें सारें दूरदेशींच मिळतें असें नाहीं. यवतमाळ येथें १९८९ पासून वसंतराव नाईक यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचें १९४७ पासून आहे. सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं स्थापिलेल्या संस्थेंत तर विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते आणि तेथील घराघरांत जाऊन शिकते.

खेड्यांत मोठें संशोधन होऊं शकत नाहीं, असा एक समज आहे. भिगवणनें तो खोटा पाडला. हें गांव पुणें जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांत आहे. १९९६ सालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनीं तेथें हाडें, सांधे व स्नायू यांच्या दुखण्यांची पाहणी आरंभिली. विश्व आरोग्य संघटना आणि संधिवातशास्त्रज्ञांचा जागतिक संघ यांनीं १९८१ पासून गरीब देशांसाठीं जी पद्धति आंखली होती, तिचीच ही भारतांतील पहिली पाहणी. महागडीं यंत्रें नव्हतीं. स्थानिक स्वयंसेवकांस शिकवून घरोघर पाठविलें, दुखणें कोठें आहे व किती दिवसांचें आहे तें त्यांनीं विचारून लिहिलें, आणि मग डॉक्टरांनीं दुखणाऱ्यांस तपासलें. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकीं सुमारें १८ टक्क्यांस असें दुखणें असल्याचें दिसलें. ज्यास डॉक्टर र्‍हुमॅटॉइड म्हणतात तो सांधे विद्रूप करणारा संधिवात साधारण दोनशेंत एकास होता. बाकीच्यांत झीज आणि कष्टानें येणारीं दुखणीं पुष्कळ होतीं. हीं दुखणीं शहरांतील श्रीमंतांचीं, असें कोणास वाटत असेल तर त्यास भिगवणनें उत्तर दिलें आहे.

या कामीं भाषा हें मोठें साधन आहे. कोणी म्हणतें कंबर धरली, कोणी म्हणतें अंग आंबलें, कोणी म्हणतें सांधे आखडले. ही शब्दांची केवळ आवड नव्हे. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, आणि तो चुकला तर सारी गणती चुकते. आपल्या जिल्ह्यांत गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली घरांत बोलल्या जातात. ज्यास त्या येतात, त्यानें विचारलेल्या प्रश्नास खरें उत्तर मिळतें. तसेंच संमतीचें आहे. ज्याचें रक्त घ्यावयाचें त्यास तें कशासाठीं, हें त्याच्याच भाषेंत समजलें पाहिजे, आणि नाहीं म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. कागदावर आंगठा उमटला म्हणजे संमति झाली असें नव्हे. गरीब माणूस साहेबास नाहीं म्हणत नाहीं; त्याच्या या भिडेचा लाभ न घेणें, हें त्या शिक्षणाचें अर्धें अंग आहे.

आणि येथेंच खरी गोष्ट येते. पाहणी करणारे येतात, नमुने नेतात, त्यांचे निबंध छापले जातात. परंतु ज्या आजीनें हात पुढें केला, तिला निकाल कोण सांगतो? ज्ञान गांवांतून बाहेर गेलें आणि परत आलें नाहीं, तर तें गांवापुरतें अज्ञानच राहिलें. तें परत आणावयास गांवचाच माणूस त्या विद्येंत असावा लागतो. प्रत्येकानें डॉक्टरच व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. पाण्याचा नमुना तपासणारा रसायनज्ञ, क्ष-किरण चित्र काढणारा तंत्रज्ञ, आखडलेला सांधा हलता ठेवणारी फिजिओथेरपिस्ट, आंकडे मांडणारा गणिती, खडक ओळखणारा भूशास्त्रज्ञ, या सर्वांवांचून संशोधन पुरें होत नाहीं. फ्लोराइड काढण्याची तुरटी व चुन्याची नालगोंडा पद्धति नागपूरच्या पर्यावरण-अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तयार केली. तें काम शल्यवैद्यांचें नव्हतें, पण त्यानें कित्येक कणे ताठ होण्यापासून वांचूं शकतात.

म्हणून आईबापांस आमची विनंति अशी कीं, गणित व विज्ञान यांत गति असलेल्या मुलीस पैशाच्या किंवा लग्नाच्या घाईनें बारावीवर थांबवूं नका. तुमच्यापाशीं पैसा नसेल तर शिष्यवृत्तीची चौकशी करा, आणि त्या कामीं आम्हांस हांक मारा. शिक्षकांस विनंति अशी कीं, मुलांकडून गांवच्या प्रत्येक हापशाची नोंद करवून घ्या, आणि पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत तपासून त्याचा आंकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. विवाह ठरविणाऱ्यांनीं वधूवरांची सिकलसेलची तपासणी आधीं करावी. दोघेंही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. सर्वांस विनंति अशी कीं, पाहणीस कोणी दारीं आलें तर त्यास बसावयास द्या, खरें सांगा, आणि जातांना निकाल केव्हां कळवाल, हें अवश्य विचारा.

जीं मुलें आज या सभेंत मागें बसलीं आहेत, त्यांस आम्ही एवढेंच सांगतों. हें शिक्षण दहा-बारा वर्षांचें आहे आणि त्यांतील पुष्कळ काळ कंटाळवाण्या मोजदादींत जातो. तें शिकावयास खुशाल मुंबईस जा, वेल्लोरास जा, परदेशीं जा. परंतु तुमच्या विद्येचा प्रश्न येथल्या हापशावर उभा आहे. तो हापसा चालूच आहे, आणि त्याचें पाणी आज संध्याकाळींही एखादें लहान मूल पिणार आहे.