आपली जुनी धर्मशाळा आणि नवी पिढी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरीही गावातील आपल्या जुन्या धर्मशाळेविषयी बोलण्यास उभा आहे, कारण त्या वास्तूचा मी अपराधी आहे. मागील रंगकामाची देखरेख माझ्याकडे होती. दरवाजावरील शिलालेखावर तैलरंगाचे दोन हात माझ्यासमक्ष चढले आणि मी समाधानाने म्हणालो, "दरवाजा कसा नवा दिसतो!"

गेल्या सुट्टीत समाजातील काही महाविद्यालयीन मुले-मुली पेढीवर आली. "काका, धर्मशाळा कोणी बांधली?" मी ऐकीव माहितीप्रमाणे एका शेठजींचे घराणे सांगितले. "पुरावा काय?" या प्रश्नावर मात्र मी निरुत्तर झालो.

मुलांनी जाणकारांच्या सल्ल्याने रंग उतरविला. लेखात वीर संवत, शके आणि वैशाख महिना होता. वीर संवतातून 526 वजा केले, शकात 78 मिळविले. दोन्हीकडून इसवी सन एकच आला. दात्याचे नाव मात्र नव्हते. 'सकल पंच' एवढेच शब्द होते.

मग मी माळ्यावरील आजोबांच्या चोपड्या काढून दिल्या. मोडी लिपी शिकलेल्या एका मुलीने त्या वाचल्या. जमा-नावे कसे पाहावे, हे मी सांगितले. 1957 पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा आणि आणा बारा पैंचा, हेही मुलांना ठाऊक नव्हते. बांधकामाच्या खात्यात शेठजींची रक्कम मोठी होती, हे खरे. पण तिच्याखाली आठ-आठ आण्यांच्या कितीतरी नोंदी होत्या. एका भगिनीने चांदीचे कडे दिले होते. एका गाडीवानाने दगड वाहण्याचे भाडे सोडले होते. तो आपल्या धर्माचा नव्हता.

बंधू-भगिनींनो, ही वास्तू पाडून तेथे सभागृह बांधावे, असा विषय सभेपुढे आहे. मीही त्याच मताचा होतो. आज माझे मत बदलले आहे. निर्णय आपण सर्वांनी मिळून घ्यावा. परंतु ज्यांच्या आठ आण्यांवर ती उभी राहिली, त्यांचा हिशेब वाचल्याशिवाय कुदळ मारू नये, एवढीच विनंती आहे.

अजून पुष्कळ काम शिल्लक आहे. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाखाली झालेल्या नोंदणीची कागदपत्रे आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील दप्तरे पाहावयाची आहेत. वृद्धांच्या आठवणी तर आजच लिहून घ्याव्यात. त्यांना उद्याचा भरवसा नसतो.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रे बाहेर काढतो, झटकतो, नव्या वेष्टनात बांधतो. षट्खंडागमाच्या ताडपत्रांचे मूडबिद्रीत शतकानुशतके जतन झाले, म्हणूनच 1939 साली धवला टीकेचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघू शकला. आपल्या चोपड्या काही आगम नव्हेत. पण जतनाचा संस्कार तोच आहे. येत्या श्रुतपंचमीला प्रत्येक घराने जुनी कागदपत्रे मंदिरात आणावीत. मुले त्यांची छायाचित्रे घेऊन ती परत करतील. वेष्टनांसाठी लागेल तेवढे कापड माझ्या दुकानातून येईल. रंगाच्या त्या दोन हातांचे माझे हे प्रायश्चित्त समजावे.