तोंडावर पाय मारायचाय, पण कुठल्या पारीचा?

हा एपिसोड शिंदखेड्याच्या घरातून रेकॉर्ड केला होता, त्यामुळे मागे कूलरचा आवाज भरपूर होता. लिहून काढताना तो गेला, तेवढाच वाचणाऱ्यांचा फायदा.

आजचा विषय भाच्यामुळे सुरू झाला. भाचा नऊ वर्षांचा होणार होता, मे महिना, सुट्टी, ताई माहेरी आलेली. फोनवर मी विचारलं, वाढदिवसाला काय आणू? तो म्हणाला, "मामा, काही आणू नको. मला तुझ्या तोंडावर पाय मारायचाय."

फोन स्पीकरवर होता. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मामाना तोंडवर पाय? हाई काय फॅशन शे?"

मग ताईला समजावत बसावं लागलं, की आई, पाय म्हणजे तंगडी नाही. पाय म्हणजे विलायती पदार्थ. मैद्याची खोलगट पारी भाजतात, आत सारण किंवा क्रीम भरतात. करंजी न मिटता ताटलीएवढी करून भाजली तर जे होईल, साधारण ते. आणि व्हिडिओत लोक तो न खाता एकमेकांच्या तोंडावर मारतात. यावर आईचं समाधान झालं नाही, उलट वाढलंच. लाथ मारणं वाईट, पण खायचं तोंडावर मारणं त्याहून वाईट. आमचा तालुका अवर्षणाचा. टँकरची वाट बघितलेल्या बाईला तुम्ही क्रीम उधळायची गंमत सांगताय.

मी मात्र वेगळ्याच कारणाने गप्प होतो.

बावीस वर्षांचा असताना, पुण्यात, पहिल्या नोकरीत, मित्रांनी रात्री बारा वाजता केक आणला. दोन मजली. मेणबत्ती विझवली आणि मागून दोघांनी मान धरून तोंड केकमध्ये दाबलं. सगळीकडे करतात तेच. फक्त त्या केकमध्ये लाकडी काडी होती. यात बेकरीवाल्याची चूक नव्हती. वरचा मजला खालच्या स्पंजमध्ये खचू नये म्हणून आत काड्या किंवा नळ्या घालाव्याच लागतात, इमारतीला कॉलम असतात तशा. कापणारा माणूस त्या काढून घेतो. तोंड दाबणारा काय काढणार? काडी डाव्या भुवईत गेली. तीन टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असती तर डोळा होता. घरी मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी मी रजा टाकतो आणि फोन बंद ठेवतो.

तर असा मामा, आणि भाच्याची ही मागणी. नाही म्हणणं सोपं होतं. पण मी म्हटलं, ये. फक्त पाय कसला ते मी ठरवणार. शनिवार-रविवार जोडून घरी आलो.

आधी थोडी माहिती घेतली. हा प्रकार सिनेमाइतकाच जुना आहे. १९०९ च्या 'मिस्टर फ्लिप' या मूकपटात बेन टर्पिनच्या तोंडावर पाय बसतो, तो बहुतेक पहिला मानतात. १९२७ मध्ये लॉरेल-हार्डीच्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'त तब्बल तीन हजारांच्या आसपास पाय उडाले. १९६५ च्या 'द ग्रेट रेस'मध्येही अशीच प्रचंड लढाई आहे. तिचं शूटिंग मध्ये सुट्टीसाठी थांबलं, सांडलेलं क्रीम तसंच राहिलं आणि परत आल्यावर सेटवर उभं राहवेना असा वास सुटला होता. आणि आपल्या धंद्यातला किस्सा म्हणजे ४ फेब्रुवारी १९९८, ब्रुसेल्स. नोएल गोदँ नावाच्या बेल्जियन माणसाच्या टोळीने साक्षात बिल गेट्सच्या तोंडावर क्रीमचे पाय मारले. विंडोज वापरणाऱ्या कित्येकांना त्या दिवशी मनातून बरं वाटलं असणार. मला यात सोय दिसली ती वेगळी. २०११ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर रूपर्ट मर्डॉकवर जो पाय आला, तो खरा पाय नव्हताच. कागदी ताटलीत दाढीचा फेस होता.

म्हणजे पारी हवीच असं नाही. मग कागदी ताटली आणि फेस, संपला विषय? मीही आधी तेच म्हटलं. दाढीचा फेस हाताला लावून डोळ्याच्या कडेला टेकवला. साबणच तो. पाच मिनिटं डोळा चुरचुरत होता. शिवाय नऊ वर्षांचं पोरगं बोट चाटणार, हे ठरलेलं. फेस बाद. आमच्याकडच्या पळसाच्या पत्रावळीला तर काड्याच टाचलेल्या असतात, भुवई आपोआप आक्रसली. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. चंदेरी कागदी ताटलीची दुमडलेली कड मी गालावर जोरात आपटून बघितली. लागते. विश्वास नसेल तर करून बघा, गालावरच करा, डोळ्यावर नको.

तर पारी. आणि इथे खरी मजा आहे, कारण खायची पारी आणि मारायची पारी यांच्या अटी उलट्या असतात. खायच्या पारीने क्रीम धरून ठेवलं पाहिजे, कडा उभी राहिली पाहिजे, ओलं लागून मऊ पडता कामा नये. मारायच्या पारीने हातातून चेहऱ्यापर्यंत कसंबसं एकत्र राहायचं आणि टेकताक्षणी आपलं अस्तित्व सोडायचं. कडा नकोच. आणि ओलं लागून मऊ पडत असेल तर फारच उत्तम. एकीकडचा बग तो दुसरीकडचा फीचर.

पहिला प्रयोग मी एकट्याने केला. मैदा, थोडं तूप, पाणी घालून चांगलं मळलं, स्टीलच्या ताटलीत थापलं, कढईत मीठ तापवून त्यात भाजलं, लॉकडाऊनमध्ये सगळे करायचे तसं. दिसायला सुंदर झाली. कोपराखालच्या हातावर आपटली तर तिचे चार तुकडे झाले आणि एका तुकड्याने लाल ओरखडा काढला. कौलच की. दुसरा प्रयोग बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून दाबून बसवलेला थर. तो धारदार नाही, पण कोरडा चुरा उडतो आणि बारीक कण डोळ्यात जायची भीती. खारीचा विचार केला, पण खारीचे पापुद्रे म्हणजे टोकांचा कारखाना.

आई इतका वेळ दारात उभी राहून बघत होती. "हाई काय मांडेल शे रे?" म्हणाली. मी कौलाचा तुकडा दाखवला. तिने तो दोन बोटांत मोडला, आवाज ऐकला आणि निकाल दिला. "मोहन कमी शे. आन मळं किती शे! आखो तूप टाक."

पाच तास घालवून मला जे कळलं नव्हतं ते हे. पाणी घालून मैदा जितका मळाल तितका त्यातला चिवटपणा वाढतो आणि भाजल्यावर तो कडक होतो. तूप मैद्याच्या कणांना वेढून ठेवतं, चिकटू देत नाही, म्हणून पारी भुसभुशीत होते. आईची परीक्षा साधी आहे. तूप पिठाला चोळायचं आणि पीठ मुठीत दाबायचं. मुटका वळला आणि बोट लावताच मोडला, की मोहन बरोबर. तिने पाणी घालूच दिलं नाही. शंभर ग्रॅम मैद्याला साठ ग्रॅम तूप, चाळीस ग्रॅम पिठीसाखर. पिठीसाखरच, कारण साखरेचा दाणा चेहऱ्यावर घासला तर खरखरतो. म्हणजे झाली काय, तर सुरतची नानकटाईच, फक्त तळहाताएवढी आणि अर्ध्या बोटापेक्षा पातळ. कडा न काढता सपाट चकती. रंग यायच्या आतच उतरवली. गार झाल्यावर हातावर आपटली तर नुसता भुगा. ओरखडा नाही. तो भुगा आईने उचलून भाच्याच्या हातात दिला, आणि त्याने खाल्ला.

सुरतेवरून आठवलं. शिंदखेड्याहून ताप्तीच्या लाईनवर गाडी पकडली की आमची निम्मी माणसं उधन्याला उतरतात, तिथे घराघरांत खानदेश आहे. त्याच सुरत शहरात २०१९ मध्ये पोलिसांनी सार्वजनिक ठिकाणी वाढदिवसाला केक, फेस तोंडाला फासण्यावर बंदीचा आदेश काढला होता. तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे हसले होते. मी त्या दिवशी हसणारा इमोजी टाकला होता, तेही सांगून टाकतो.

आता वरचं सारण. आई म्हणाली, चक्का घे, घरचा आहे. चक्का बांधलेला, घट्ट, उन्हात वितळत नाही, कल्पना चांगली होती. पण वाटीभर चक्का हातात घेऊन बघा. जड आहे. तेवढ्याच आकाराचं फेटलेलं क्रीम हलकं, कारण त्यात हवा भरलेली असते. जड वस्तू तोंडावर आली की ती थापट होते, गंमत होत नाही. क्रीमच ठरलं. दुधाचं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते नीट फुलत नाही, त्याला तीस टक्क्यांच्या वर लागतं आणि भांड्यासकट थंडगार लागतं. बाहेर बेचाळीस डिग्री आणि लाईटीचा भरवसा नाही. म्हणून केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं घेतलं, ते जरा तग धरतं. बर्फात पातेलं ठेवून ऐनवेळी फेटलं.

जाडी किती? माझ्या मते सगळा प्रश्न इथे सुटतो. चकतीवर क्रीम दोन इंच हवं. नाकाची उंची त्यात मावली पाहिजे, म्हणजे पारी चेहऱ्याला टेकायच्या आधीच हात थांबतो. आणि क्रीम घालून दहा मिनिटं ठेवायचं, पारी ओलसर होते आणि तिचा भुगा क्रीमला धरून राहतो, उडत नाही. आत काडी नाही, मणी नाहीत, टॉपर नाही. चेरीसुद्धा नाही, भाच्याने खूप हट्ट केला तरी.

आईची अट एकच होती. पाय एकच करायचा. बाकी चकत्या आणि क्रीम माणसांनी खायचं. याच्यावर वाद घालायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. एकाच्या पुढचा पाय बघणाऱ्यांसाठी असतो.

संध्याकाळी सात वाजता, ऊन उतरल्यावर, ओट्यावर गल्लीतली पोरं जमली. भाच्याची आदल्या दिवशी ओल्या टॉवेलवर प्रॅक्टिस घेतली होती. फेकायचं नाही. तळहात सपाट, चकतीच्या खाली. समोरून नाकावर नाही, हनुवटीकडून वर. टेकला की हात मागे, दाबायचं नाही, फिरवायचं नाही. मी चष्मा काढून ताईकडे दिला. खुर्चीवर बसलो. डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर काय होतं ते मी आधी धरलं नव्हतं. पोरांचा आवाज तोच, हसणं तेच, आणि मानेवर हात नसतानाही मला तो जाणवायला लागला. खुर्चीची कड मी घट्ट धरली. एक. दोन. तीन.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तर भाचा समोर हात उंच धरून उभा, क्रीम मनगटावरून खाली ओघळतंय. म्हणाला, "मामा, मारू ना?"

मी म्हटलं, "मार."

गार लागलं, इतकंच आठवतं. नाकात क्रीम, कानात पोरांचा गलका, आणि तोंडात वेलचीची चव. वेलची आईने न सांगता घातली होती. पारी कुठे संपली ते कळलंसुद्धा नाही. दाढीत थोडा भुगा राहिला होता, तो भाच्याने वेचून खाल्ला. त्याला विचारलं, आता तुझी पाळी? तो म्हणाला, नको, मला नाकात जाईल. मग नाही मारला. एका बोटाने गालाला टिकली लावली, तेवढ्यावर वाढदिवस.

नंतर मोरीवर आई माझं तोंड पुसत होती, लहानपणी पुसायची तसंच, जोरात. डाव्या भुवईवर तिचा हात थांबला. "हाई बाथरूममा पाय घसरना व्हता, तव्हयचं ना?"

मी म्हटलं, "आई, तो पाय नव्हता. केक होता."

तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तिथेच पायरीवर बसली. मी पहिल्यापासून सांगितलं.

एक सूचना राहिली. दूध, गहू सोसत नसेल किंवा दम्याचा त्रास असेल, त्याच्या तोंडावर काहीही मारू नका. चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू, तोही कूलरच्या आवाजातच असेल, सुट्टी अजून चार दिवस आहे.