नळीवरचा राघू



ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानोबारायांनी नळीवरच्या राघूचा दृष्टांत दिला आहे. राघू नळीवर येऊन बसतो. त्याच्याच भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. पंख मोकळे आहेत, पाय कुणी बांधलेले नाहीत. पण त्याला वाटतं, मी अडकलो! अन् भीतीपोटी तो नळी आणखी घट्ट धरतो.

मी हा दृष्टांत कैक वर्षं सांगतोय. त्याचा अर्थ मात्र मला एका दारू पिणाऱ्या माणसाने शिकवला.

आपल्या बीड जिल्ह्यातलंच गाव, सप्ताह चालू होता. दसरा झाला की गावोगावचे कोयते कारखान्यांकडे निघतात, हे तुम्हाला काय सांगायचं? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या घामावर मिळते. काही घरांत ती पितो एकटा आणि फेडते ती, डोक्यावर मोळ्या वाहून. हेच सांगताना मी दारुड्याची नक्कल केली. मंडप हसला. मागे बसलेला एक गडी मान खाली घालून उठला नि निघून गेला.

सकाळी त्याची बायको आली. म्हणाली, "महाराज, माळ घातली होती त्यांनी. दोन वर्षं थेंब नव्हता. परत प्यायले, माळ उतरवली, तवापासून लाजंनं देवळाची पायरी चढले नव्हते. काल पहिल्यांदा आले होते."

माउली, काय बोलावं? देवाच्या दारी आलेल्याला मीच परत लावलं होतं. मी त्याच्या घरी गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "महाराज, रोज सकाळी सोडतो. सांजच्याला हात थरथरतात, परत धरतो."

तेव्हा कळलं. राघूला नुसतं "सोड, सोड" म्हणून भागत नाही. त्याची भीती जायला पाहिजे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार समजत नाहीत, आजारी समजतात. आजार म्हटला की औषध आलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर झटके येतात, भास होतात, जिवावरही बेततं. म्हणून शपथ घ्या, पण आधी डॉक्टरांना दाखवा. यात देवावरचा विश्वास कमी होत नाही.

औषधाने शरीर सावरतं. पुढचं काम मनाचं. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना आपली खरी हकिगत सांगत सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. तिथे माणूस स्वतःचे दोष लिहून काढतो, दुसऱ्यापुढे बोलतो, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करतो. आपल्या तुकोबारायांनीही देवापुढे स्वतःचेच दोष मोजले ना?

आमचा गडी उपचार घेऊन आला. एकदा म्हणाला, "महाराज, मला वाटायचं दारूच धरलीय. पण धरला होता राग. बापानं शाळेतून काढून फडावर नेलं, तो राग. अन् आता मीच माझ्या पोराला फडावर नेतोय." बघा, नळी कुठली ती त्याला दिसली! त्या साली पोरगं गावात आजीपाशी राहिलं, शाळेत गेलं.

पुढे तो एकदा घसरला. पण या वेळी लपला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं. मी म्हणतो, पाय सुटला तो त्या दिवशी. न पडणं हातात नसेल एखाद वेळी, न लपणं आहे.

वाचणाऱ्या माउली, तुमची माळ उतरली असेल, तर लाजेपायी दूर राहू नका. वारीत मागे राहिलेल्याला दिंडी टाकून जात नाही. आणि मायबहिणींनो, त्याचं पिणं ही तुमची चूक नाही. त्याच्यासाठी खोटं बोलू नका, त्याची दारूची उधारी फेडू नका. उपचाराला निघाला तर मात्र सोबत जा. आणि आम्ही कीर्तनकारांनी? हसू आवरावं.

बोला, ज्ञानोबा माउली तुकाराम!