ज्याचे जळते, त्याला कळते
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली, तेव्हा हा गृहस्थ हिशेबाविषयीच बोलणार, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. गेली २२ वर्षे संस्थेची खातेवही माझ्याकडे आहे. परंतु आज मी जे खाते उघडणार आहे, ते आपण सर्वांनी मिळून आजवर बंद ठेवलेले आहे. माझा विषय आहे मनाचा आजार, आणि त्या आजारातून उठलेल्या माणसाने त्यात पडलेल्या माणसाला दिलेला हात.

१९८८ साली मी चार महिने बडोद्यात नव्हतो. वाड्यात सांगितले गेले की मी इंदूरला बहिणीकडे गेलो आहे. वस्तुतः मी एका मनोरुग्णालयात होतो. आईने हळदीकुंकवाला जाणेही त्या दिवसांत बंद केले होते, कारण कोणी काही विचारील ही धास्ती. तिला मी दोष देत नाही. घरात धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते.

डॉक्टरांच्या औषधाने मी बरा झालो, त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि पहिल्या आठवड्यात मला धीर दिला तो शेजारच्या खाटेवरील एका गुजराती गिरणी कामगाराने. त्याची ही दुसरी खेप होती. औषधाने माझे हात थरथरत, पाणी अंगावर सांडे, आणि आता आपण कायमचे पंगू झालो असे मला वाटे. तो म्हणाला, "भाई, ग्लास अर्धाच भरा. आणि डॉक्टरांना सांगा, लपवू नका. माझेही असेच झाले होते. मी पुन्हा सांच्यावर उभा राहिलो." हेच शब्द दुसऱ्या कोणी उच्चारले असते, तर माझा विश्वास बसला नसता.

अशा सोबतीला इंग्रजीत 'पीअर सपोर्ट' म्हणतात. आपण समदुःखी सोबत म्हणू. कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात प्यूसँ नावाचा अधीक्षक होता. तो स्वतः गंडमाळेचा रोगी म्हणून तेथे आला, बरा झाला आणि तेथेच राहिला. वेड्यांच्या विभागात तो परिचारक निवडी ते बऱ्या झालेल्या रोग्यांतून, कारण ते रोग्यांशी माणुसकीने वागत. १७९७ साली त्याने रोग्यांच्या साखळ्या काढविल्या.

दूर कशाला जावे? पुण्याला डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. व्यसनातून सुटलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते होतात. पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तेथे रुग्णांचे आप्त एकमेकांच्या अनुभवाने शहाणे होतात.

आणि आपल्या गुजरातेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या 'क्वालिटीराइट्स' उपक्रमाखाली २०१४ पासून सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत सुधारणेचे काम झाले, त्यात अनुभवी रुग्णांची सोबत हा एक भाग होता. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवेचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी निवळली, आणि आप्तांचे ओझे काहीसे हलके झाले. रुग्णांना स्वतःला जाणवलेला फरक लहान होता, हेही सांगितले पाहिजे. हिशेबनिसाने जमेची बाजू फुगवू नये.

हा सोबती करतो काय? नव्याने आलेल्या कुटुंबाबरोबर बाकावर बसतो. केस पेपर कोठे काढावा, डॉक्टरांना काय विचारावे, घरी परतल्यावर पहिले पंधरा दिवस कसे जातात, हे सांगतो. मुख्यतः तो ऐकतो. तो निदान करीत नाही, औषध बदलत नाही, 'मी केले तसेच तुम्ही करा' असा आग्रह धरीत नाही. ऐकलेले पोटात ठेवतो, मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसला तर तत्काळ जाणत्यांना कळवितो. यासाठी शिक्षण लागते, त्याच्यावर देखरेख लागते, आणि त्याला स्वतःला थकवा आला तर विसाव्याची सोय लागते. केवळ दुःख भोगले म्हणून कोणी सोबती होत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत सुमारे अकरा जणांना मनाचा काही ना काही विकार आढळला. या सभागृहात तीनशे माणसे बसली आहेत. गुणाकार आपणच करावा. आपल्यापैकी किती जणांची माणसे आज 'इंदूरला' गेलेली आहेत?

म्हणून या महोत्सवी वर्षात माझी तीन मागणी आहेत. पहिली, संस्थेच्या इमारतीतील मागची खोली दर रविवारी संध्याकाळी दोन तास अशा बैठकीसाठी मोकळी असावी, आणि दारावर कसलीही पाटी नसावी. दुसरी, या आजारातून उठलेल्या दोघांना योग्य ठिकाणी शिक्षणासाठी पाठवावे व त्यांना नियमित मानधन द्यावे. सेवा म्हणून फुकट राबविणे ही दयेचीच दुसरी तऱ्हा आहे. शिक्षकाला आपण पगार देतो, यांनाही द्यावा. तिसरी, कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयातील डॉक्टरांना वर्षातून दोनदा येथे बोलवावे, म्हणजे आपले काम भरकटणार नाही. तोवर ज्याला आज रात्रीच आधार हवा असेल त्याने १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लिहून घ्यावा. तो २०२२ पासून चालू आहे व त्याला पैसे पडत नाहीत.

माझे नाव आता या विषयाशी जोडले जाईल हे मी जाणतो. नातीच्या लग्नाच्या वेळी कोणी ते काढील, असे घरच्यांनी मला बजावले. मी नातीलाच विचारले. ती म्हणाली, "आजोबा, बोला." २२ वर्षे आपण ज्या हिशेबाला टाळ्यांच्या गजरात मंजुरी दिलीत, तो एका जुन्या मनोरुग्णाने लिहिलेला होता. त्यात एका पैचीही चूक निघाली नाही, एवढीच माझी शिफारस.

तो गिरणी कामगार मला पुन्हा भेटला नाही. त्याचे देणे बाकी आहे. रविवारच्या त्या खोलीत पहिली खुर्ची मांडण्याचे काम मला द्यावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.