मशीनशेजारी एक शिफ्ट

(शेंद्रा येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दीक्षान्त समारंभातील भाषण)



तुमची फी भरण्यासाठी कोणी काय विकलं, कोणी कोणाकडून उसनं घेतलं, हे पालकांच्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजचा मान आधी त्यांचा.

माझं गाव करमाडच्या पलीकडं. आम्ही शाळेत होतो तेव्हा शेंद्रा म्हणजे मांगीरबाबाची यात्रा. एरवी दोन्ही बाजूंना कापूस, बाजरी आणि उन्हानं पांढरा पडलेला जालना रोड. २००१ मध्ये इथं स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. मग ऑडी आली. २०१५ मध्ये पर्किन्सची इंजिनं आली, त्यानंतर ह्योसंगचा स्पॅन्डेक्स धागा. २०१९ च्या सप्टेंबरात ऑरिक या नव्या औद्योगिक शहराच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. २०२४ मध्ये तिकडं बिडकीनला टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांच्या प्रकल्पांची घोषणा झाली. एवढं सगळं दारात उभं असताना तुमच्यातल्या बहुतेकांकडं पुण्याचं नाहीतर बंगळुरूचं ऑफर लेटर आहे. जरूर जा. मीही गेलो होतो. पण जाताना माझं एक म्हणणं सोबत न्या. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं, त्याच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहिल्याशिवाय ते नीट लिहिता येत नाही. शिक्षण, नोकऱ्या, स्वतःची कंपनी आणि इथं परत येणं, या सगळ्यातून मी एवढं एकच ठामपणे सांगू शकतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. दहावीनंतर डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. लॅबमध्ये एका संगणकावर तिघं बसायचो. ज्याचा हात कीबोर्डवर नसेल त्यानं प्रोग्रॅम वहीत लिहायचा आणि कागदावरच एकेक ओळ चालवून बघायची: या ओळीनंतर या व्हेरिएबलमध्ये काय असेल, त्या लूपमधून बाहेर कधी पडू. आजही मशीनच्या लॉगमध्ये घोळ सापडत नसला की मी कागद घेऊन तसाच बसतो. इंग्रजीची धास्ती होतीच. तुमच्यात ज्यांना ती अजून आहे त्यांना सांगतो, मॅन्युअलमधलं इंग्रजी कादंबरीतल्यासारखं नसतं. तिथं तेच ते थोडे शब्द फिरून फिरून येतात. रोज दोन पानं वाचत राहा, वर्षाच्या आत भीती जाते.

पहिली नोकरी हिंजवडीत लागली. परदेशातल्या विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम होतं. तक्रारीचं तिकीट यायचं, दुरुस्ती करायची, तिकीट बंद. तिथं मी शिस्त शिकलो. दुसऱ्याचा कोड आदरानं वाचायला शिकलो, आपल्या कोडवरची टीका मनाला लावून न घेता ऐकायला शिकलो. या शिक्षणासाठी मी त्या नोकरीचा कायम ऋणी राहीन. मात्र तो विमा ज्यांनी काढला, त्यांच्यापैकी एकाही माणसाला मी कधी पाहिलं नाही. दाव्याचे पैसे अडकलेली बाई कुठं राहते, तिच्या घरी काय झालंय, हे तिकिटात लिहिलेलं नसतं. मला ते हळूहळू सोसेना.

म्हणून दोन मित्रांबरोबर कंपनी काढली. तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यांसाठी केसपेपर, बिलं आणि औषधांचा साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. घरून विरोध होता आणि तो रास्त होता. डोक्यावर गृहकर्ज होतं, वडील थकले होते. डॉक्टरांना सॉफ्टवेअर आवडलं, ते वापरायचेही. पण त्यांच्याकडून पैसे यायचे सहा-आठ महिन्यांनी आणि आम्हाला पगार करावे लागायचे दर महिन्याला. ग्राहक खूश, काम चोख, आणि तरीही बँकेतला आकडा दर महिन्याला खाली. काही वर्षांनी आम्ही कंपनी बंद केली.

कंपनी सुरू कशी करावी हे सांगणारी व्याख्यानं तुम्ही भरपूर ऐकाल. ती बंद कशी करावी हे कोणी सांगत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. पैसे पूर्ण संपायच्या आधी थांबायचं. बरोबरच्या मुलामुलींना दोन-तीन महिने आधी समोर बसवून सांगायचं, म्हणजे त्यांना पगार चालू असताना नोकरी शोधता येते. भविष्यनिर्वाह निधीचा शेवटचा हप्ता भरायचा. अनुभवाची प्रमाणपत्रं मागायला लागू नयेत, आपणहून द्यायची. आणि ग्राहकांचा डेटा त्यांना परत करायचा, तोही असा की आपल्याशिवाय वाचता आला पाहिजे. आम्ही प्रत्येक डॉक्टरांकडं गेलो, त्यांच्या सगळ्या नोंदी साध्या एक्सेल फाइलमध्ये काढून दिल्या आणि शेजारी बसून त्या उघडून दाखवल्या. अशा कामाला गुंतवणूकदार टाळ्या वाजवत नाहीत. पण त्या डॉक्टरांपैकी एकांचे भाऊ इथं शेंद्र्यात गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवतात. त्यांनी फोन केला, "भावानं तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, जातानासुद्धा नीट गेले. आमच्याकडं एक अडचण आहे, बघाल का?"

तेव्हा मी चाळिशीच्या जवळ होतो. कारखान्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. सीएनसी मशीन मी फक्त कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पाहिलं होतं.

अडचण अशी होती. मशिनींवर टचस्क्रीन बसवलेले होते. मशीन थांबलं की ऑपरेटरनं यादीतून कारण निवडायचं. महिन्याच्या अहवालात सगळ्यांत जास्त वेळ दिसायचा तो 'टूल चेंज' या कारणाखाली. ऑफिसात चर्चा सुरू होती की इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलायची पाती, लवकर झिजतात, पुरवठादार बदलावा. मालकांना अजून एक अहवाल हवा होता, कुठल्या मशीनवर कुठला इन्सर्ट किती टिकतो याचा. मी म्हटलं, आधी मला रात्रपाळीला मशीनशेजारी उभं राहू द्या.

रात्री एकच्या सुमारास एक मशीन थांबलं. ऑपरेटरनं न बघताच यादीतलं सगळ्यांत वरचं बटण दाबलं: टूल चेंज. पण तो टूल बदलत नव्हता, शाफ्ट हातात घेऊन नुसता उभा होता. मी विचारलं. तो म्हणाला, "सर, हातमोज्याला कूलंट लागलेलं असतं. खालची बटणं चार-पाच वेळा दाबावी तेव्हा घेतात. वरचं पटकन घेतं. मी जॉब लावू का बटणं दाबत बसू?" मग थांबलायस कशासाठी? "फर्स्ट पीससाठी."

तुमच्यातल्या मेकॅनिकलवाल्यांना हे माहीत असेल. सेटिंग बदललं की पहिला नग क्वालिटीकडं जातो. तिथं माप घेतात, बरोबर असेल तर सही होते आणि मगच पुढचा लॉट चालू करता येतो. दिवसा या कामाला तीन माणसं होती. रात्री सगळ्या शॉपला मिळून एक. तो दुसऱ्या टोकाला असला की मशीन वीस-वीस मिनिटं उभं. म्हणजे वेळ खाल्ला होता मापाच्या प्रतीक्षेनं आणि शिक्षा होणार होती इन्सर्टच्या पुरवठादाराला.

यात सॉफ्टवेअरचं काम थोडंच निघालं. मशीन चालू की बंद, हे आम्ही ऑपरेटरला विचारणं सोडून दिलं. मशीनच्या डोक्यावर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो, त्याच्या तारांमधूनच सिग्नल घेतला. जुन्या कंट्रोलरलाही ते चालतं. कारणासाठी टचस्क्रीन काढून चार मोठी दाबबटणं बसवली, हातमोज्यासकट दाबता येणारी. नोंदी खऱ्या येऊ लागल्यावर मालकांनी स्वतःहून मशीनजवळ माप घेणारे एअर गेज ठेवले आणि जुन्या ऑपरेटरांना माप घेऊन सही करायचा अधिकार दिला. त्या रात्रीनंतर मी शेंद्रा सोडलं नाही.

त्या दाबबटणांसोबतच्या साध्या स्क्रीनवर आम्ही सगळं मराठीत लिहिलं: 'माप बाकी', 'माल नाही', 'मशीन बिघाड', 'टूल बदल'. एवढं सहज लिहिता आलं याच्यामागं कोणाचे तरी कष्ट आहेत आणि संगणकशास्त्राच्या पदवीधरांना त्यांची नावं माहीत असावीत अशी माझी तळमळ आहे. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान उभं केलं. ते काम पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून इस्की ही भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली आकाराला आली आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरच आधारलेली आहे. तुमच्या मोबाइलवर आज आईचा मराठीत आलेला मेसेज त्याच मांडणीतून जातो.

कामाच्या जागेतूनच सॉफ्टवेअर जन्मतं याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रात आहे. कैलाश काटकर साताऱ्याच्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता १९९३ मध्ये त्यांनी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावानं, संजयनं, ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. क्विक हील असं उभं राहिलं आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदलं गेलं. कोणाचं काय बिघडतं हे त्यांना दुरुस्तीच्या टेबलावर रोज दिसत होतं, आणि माझ्या मते त्यांचं खरं भांडवल तेच.

आणि आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण हवं असेल तर बीडच्या आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत बघा. आयटीआय केलेला हा तरुण पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होता. तिथं संगणकावर काम करणारी माणसं पाहून तो डिझाइन शिकला, मग प्रोग्रॅमिंग, आणि डिझाइनचे साचे देणारी स्वतःची कंपनी काढली. कोविडच्या काळात तो गावी परतला आणि डोंगरावरून, जिथं नेटवर्क मिळत होतं तिथून, काम करत राहिला.

आपल्या शहराबद्दल एक गोष्ट देशभर सांगितली जाते: २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. मला तिचा अभिमान वाटतो, कारण कोणी एकट्यानं नाही, गट करून किंमत ठरवून घेतल्या. तीच एकी आपण लहान कारखान्यांच्या सॉफ्टवेअरसाठी दाखवावी अशी माझी मागणी आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं असंख्य छोटे पुरवठादार अजून जॉब कार्ड कार्बन पेपरवर लिहितात. एकट्याला महागडी प्रणाली परवडत नाही. दहा जणांनी मिळून एक बनवून घेतली तर परवडेल, आणि ती बनवणारी मुलं या सभागृहात बसली आहेत. स्टार्टअपसाठी सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेनं उभी केलेली मॅजिक ही संस्था इथंच आहे. तिची पायरी चढा.

तुमच्या मनातला प्रश्न मला कळतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून प्रत्येक आई विचारते, आता माझ्या लेकराला नोकरी मिळेल का? मी ही साधनं रोज वापरतो. महिन्याचं कोड लिहिण्याचं काम आठवड्यावर आलंय, हे खरं आहे. नुसतं सांगितलं तेवढं टाइप करणाऱ्याचे दिवस कठीण आहेत, हेही खरं आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्या रात्री मी या साधनाला महिन्याचा अहवाल दिला असता, तर त्यानंही इन्सर्टचंच कारण काढलं असतं, कारण त्याला दिलेल्या नोंदीच तशा होत्या. हातमोजा कूलंटनं ओला आहे हे कुठल्याही फाइलमध्ये नव्हतं. म्हणून मला तुमची काळजी वाटत असली तरी निराशा वाटत नाही. ज्यांच्या घरी शेती आहे, ज्यांचे वडील वाळूजला फिटर आहेत, ज्यांची आई अंगणवाडीचं रजिस्टर भरते, त्यांना अशा कितीतरी गोष्टी लहानपणापासून माहीत आहेत. ते घरचं ज्ञान कामाला लावा.

ज्यांना अशी कामाची जागा बघायची आहे, मग पुढं पुण्याला जाणार असाल तरी, त्यांच्यासाठी मालकांची परवानगी घेऊन आलोय. पुढच्या शनिवारपासून दर आठवड्याला चार जणांना आमच्या शॉपवर एक पूर्ण रात्रपाळी मशीनशेजारी उभं राहता येईल. मुलींसाठी जाण्यायेण्याची गाडी कंपनी देईल. नावं विभागप्रमुखांकडं द्या. गेट पास आणि सेफ्टी शूज आम्ही देऊ, डबा मात्र घरून आणा.