पासवर्ड कोणाचा, जबाबदारी कोणाची?

संगणकशास्त्राच्या वर्गात नीतिमूल्यांचा तास आला की फळ्यावर प्रामाणिकपणा, सचोटी असे शब्द उतरतात. मुले ते वहीत घेतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. शिकवायला साहित्यच नाही, अशी तक्रार ऐकू येते. निदान जालना जिल्ह्यात तरी ते साहित्य दाराशीच आहे.

अतिवृष्टीच्या अनुदानाचे प्रकरण घ्या. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत 2022 ते 2024 या काळातील मदतीत सुमारे 25 कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे चौकशीत समोर आले आणि 2025 मध्ये गुन्हा नोंदला गेला. वरिष्ठांचे लॉगिन व पासवर्ड वापरून बोगस नावे यादीत घातली, असा आरोप आहे. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. वर्गाने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जाईल, हे प्रणाली बांधणाऱ्याने गृहीत धरायला नको का? कोणती नोंद कोणी, केव्हा केली, याचा माग पुसता येणार नाही अशी सोय कोणी करायची? यादीतले नाव सातबाऱ्याशी ताडून पाहायचे कोणी?

आता दुसरी बाजू. पडताळणी कडक केली आणि नावातल्या एका वेलांटीपायी खरा शेतकरीच बाहेर राहिला तर? 2017 च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जांतल्या विसंगतींमुळे वाटप लांबले होते. चोराला अडवणारी कडी गरजवंतालाही अडवते. ती किती घट्ट लावायची, हा नुसता तांत्रिक प्रश्न नाही.

संगणक म्हणतो ते खरेच, या समजुतीची किंमत ब्रिटनने मोजली. तिथल्या टपाल कार्यालयांतील ‘होरायझन’ प्रणालीच्या सदोष हिशेबांमुळे 900 हून अधिक जण गुन्हेगार ठरले. अखेर 2024 मध्ये खास कायदा करून शेकडो निकाल रद्द करावे लागले.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एका विद्यार्थ्याला तलाठी करा, एकाला शेतकरी, एकाला लेखापरीक्षक, एकाला प्रोग्रामर. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरीची 2018 ची आचारसंहिता मोफत मिळते. ती आणि आपला 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा समोर ठेवा. मग प्रयोगशाळेत तीच अनुदान प्रणाली बांधायला सांगा आणि गुण देताना विचारा : तुझ्या प्रोग्रामने चूक केली, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या प्रोग्राममध्ये सापडेल, त्याला नीतिमूल्ये कळली असे खुशाल समजावे.